आधी अर्थिंग, मग संगणक

जुलै-ऑगस्टात इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की नांदेड-लातूरच्या संगणक दुकानांत गर्दी होते. मुखेड, कंधार, अहमदपूर, निलंग्याहून आईबाप आलेले असतात, सोबत नुकताच प्रवेश मिळालेला मुलगा किंवा मुलगी. पोराची नजर लाल दिव्यांच्या कीबोर्डवर असते, वडिलांची किमतीच्या चिठ्ठीवर. आईचा प्रश्न ठरलेला: "याच्यावर गेम तर चालत नाहीत ना?" या एका प्रश्नात आपल्या भागाचं संगणकाशी असलेलं पंचवीस वर्षांचं नातं सापडतं. संगणक आपण कायम कुठल्यातरी परीक्षेसाठी, कुठल्यातरी फॉर्मसाठी, कुठल्यातरी प्रमाणपत्रासाठी घेत आलो. खोलून बघायला, खेळायला, स्वतःच्या हातानं काही करून पाहायला घरात ठेवायची वस्तू म्हणून तो क्वचितच आला. खरेदीतल्या बहुतेक चुका इथून सुरू होतात असं माझं ठाम मत आहे. त्या चुकांचा आणि काही चांगल्या निवडींचाही हा आढावा.

सुरुवात एमएस-सीआयटीपासून करावी लागते. त्याआधी तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट असायची, आणि शहरात एखाद-दुसरी डीटीपीची खोली, जिथे श्रीलिपीच्या फॉन्टात लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं जुळवली जायची. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल उभी राहिली, तिचा हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला आणि लोहा, देगलूर, औसा, उदगीर अशा ठिकाणी गाळ्यांतून संगणकाचे वर्ग निघाले. बाहेर चपला काढायच्या, आत आठ-दहा मॉनिटर, प्रत्येकावर प्लास्टिकचं आवरण. माउस धरायला मराठवाड्यातली एक अख्खी पिढी या खोल्यांत शिकली. याचं श्रेय त्या अभ्यासक्रमाला दिलंच पाहिजे. पण सोबत धाकही आला. शासकीय कर्मचाऱ्यांना संगणक अर्हतेसाठी ३१ डिसेंबर २००७ची मुदत होती. ती चुकलेल्या अनेक गुरुजींच्या वेतनवाढी अडकल्या आणि वसुलीचे वाद पुढे कितीतरी वर्षं चालले. पन्नाशीतला शिक्षक पगारवाढ वाचवायला संगणक शिकत असेल, तर तो घरी जाऊन मुलाला "ये, हे बघ, यात किती मजा आहे" असं कसं म्हणणार? संगणक म्हणजे सर्टिफिकेट हे समीकरण तेव्हा पक्कं झालं.

दुसरी गोष्ट विजेची, आणि ती पुण्या-मुंबईच्या खरेदी-सल्ल्यांत कधी येत नाही. २००५नंतरची काही वर्षं भारनियमनाची. गावाकडे बारा-बारा तास लाईट नसायची, शहरात सकाळ-दुपार वेळापत्रकानं जायची. वर्तमानपत्रात ते वेळापत्रक छापून यायचं आणि नेट कॅफेवाला ते काचेवर चिकटवायचा. त्या काळात आपल्याकडे लॅपटॉप लोकप्रिय झाला तो सोबत फिरवता येतो म्हणून नाही. त्याच्या पोटात बॅटरी होती म्हणून. डेस्कटॉप घेणाऱ्याला सोबत यूपीएस घ्यावाच लागे, आणि त्या यूपीएसवर ६००व्हीए लिहिलेलं असलं तरी तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच पेलतो हे दुकानात कुणी सांगत नसे. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी. साधा संगणक त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालतो, फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता. त्यावर ग्राफिक्स कार्डाचं मशीन लावलं की लाईट जाताक्षणी यूपीएस ओरडतो आणि सगळं एकदम बंद पडतं. मग पोरगं म्हणतं यूपीएस खराब, बाप म्हणतो गेममुळे झालं. बेरीज कुणीच केलेली नसते. त्यात आपला उन्हाळा. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना निम्मं होतं असा या धंद्यातला ठोकताळा आहे. नांदेडला मे महिन्यात पारा ४३-४४वर जातो. तीन वर्षं टिकायची बॅटरी दीड वर्षात फुगली तर नवल नाही. हा यूपीएस कपाटामागे कोंडून ठेवायची पद्धत मात्र घरोघरी दिसते.

भारनियमन ओसरलं, इन्व्हर्टर आले, पण अर्थिंगचा प्रश्न तसाच राहिला. यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथे येऊन मिळतात. संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटला अनवाणी पायानं हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव कुणाला नाही? "मशीनला करंट उतरतोय" म्हणून लोक कॅबिनेट उचलून दुरुस्तीला आणतात. दुकानात ते मशीन उत्तम चालतं, झिणझिणी नाही. घरी नेलं की पुन्हा सुरू. होतं असं की पॉवर सप्लायच्या आत विजेतला खडखडाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. तीन पिनांपैकी जाड पिन जमिनीपर्यंत पोचलेली असेल तर त्यातून झिरपणारी किरकोळ वीज निमूट मातीत जाते. ती पिन भिंतीतल्या सॉकेटमागे नुसतीच लोंबकळत असेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या मधोमध, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतं. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटतो. ही वीज बहुधा जीव घेत नाही, पण पेनड्राइव्ह, प्रिंटरचा पोर्ट, नेटची लॅन केबल यांचे बळी घेते. आणि कॅबिनेटमध्ये खरोखर फेज उतरला तर वाचवणारी वायरच घरात नसते.

उपाय जुनाच आहे: अंगणात खोल खड्डा, तांब्याची किंवा जीआयची पट्टी, कोळसा आणि मीठ. आपली काळी माती ओली असताना विजेला उत्तम वाट देते. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पट्टी मातीपासून सुटते आणि मार्च ते जून अर्थिंग नावालाच उरतं. म्हणून जाणते वायरमन सांगतात, उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला घागरभर पाणी ओता. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली होती. त्या साली अर्थिंगच्या खड्ड्यात घागर ओतायला कोण धजलं असेल? हवामान, माती आणि मशीन यांची गाठ आपल्याकडे इतकी जवळची आहे. पन्नास हजारांचा संगणक घेणाऱ्याला मी आधी हेच विचारतो की घरात अर्थिंग आहे का. दोन-तीन हजारांचं ते काम कुठल्याही जादा रॅमपेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं.

माल कुठून येतो, हाही इथला खास प्रश्न. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत येतं, सिकंदराबादची गाडी रोजची. हैदराबाद रस्त्यानं पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. निजामाच्या काळापासूनची ही ओढ सुट्या भागांच्या बाजारातही टिकली. सिकंदराबादच्या पार्क लेनमधलं चिनॉय ट्रेड सेंटर, सगळे त्याला सीटीसी म्हणतात, हे नांदेडच्या कितीतरी असेंबल संगणकांचं माहेर. रात्री निघायचं, दिवसभर मदरबोर्ड-प्रोसेसर-एसएमपीएसचे भाव करायचे, रात्रीच्या गाडीनं मांडीवर खोका घेऊन परत. लातूरकरांचा ओढा जास्त पुण्याकडे, तिथे शिकायला गेलेला भाऊ किंवा मावसभाऊ टिळक रोडवरून माल घेऊन येतो. पुण्याचा आणखी एक ठसा प्रत्येक मशीनवर असे, तो क्विक हीलचा. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळले, धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला आणि नव्वदीच्या दशकात उभं राहिलेलं हे काम मराठवाड्यातल्या गाळ्यागाळ्यांत पोचलं. पेनड्राइव्हमधून फॉर्म नेणाऱ्या-आणणाऱ्या आपल्या शहरांत व्हायरस हा रोजचा पाहुणा होता, तेव्हा त्याची गरजही खरी होती.

आता बरीच खरेदी ऑनलाइन होते. तिथे भाव कमी दिसतो यात शंका नाही. पण वॉरंटीच्या कागदावर "ऑनसाइट" आहे की नाही हे कुणी वाचत नाही. नसेल तर लॅपटॉप उचलून संभाजीनगर, पुणे नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं, आणि दोन खेपांचं भाडं व बुडालेली हजेरी धरली तर वाचलेले दीड हजार केव्हाच गेलेले असतात. गल्लीतल्या दुकानदाराचे हजार रुपये जास्त असले तरी परीक्षेच्या आदल्या रात्री तो शटर उघडतो. त्या हजारात तेही येतं.

आता गेमकडे येऊ. या विषयावर आपल्याकडे जितका आरडाओरडा होतो तितका विचार होत नाही. नव्वदीत टीव्हीला जोडायचा गेम आला, पिवळ्या कॅसेटीत मारिओ आणि काँट्रा, खोक्यावर "९९९९ इन १" असं छापलेलं आणि आत वीस-पंचवीसच खेळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो तासावर भाड्यानं मिळायचा. मग नेट कॅफे आणि असेंबल पीसी आले, त्यांवर रोड रॅश, आयजीआय, व्हाइस सिटी, मोस्ट वाँटेड. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी शिकणारी पोरं सुट्टीत गावी येताना हार्ड डिस्क भरून आणायची आणि गल्लीतल्या चार घरांत ते खेळ पोचायचे. व्हाइस सिटी चालेना म्हणून पोरानं रॅम वाढवली, मोस्ट वाँटेड अडखळतो म्हणून ग्राफिक्स कार्ड बसवलं. कार्ड बसवलं तर एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कमी पडला, मग वॉटचा हिशेब आला. ड्रायव्हर सापडेना म्हणून इंग्रजी वाचायला लागलं. आज या दोन शहरांत दुरुस्तीची दुकानं चालवणाऱ्या ज्यांच्याशी माझं बोलणं झालं, त्यांतल्या बहुतेकांनी पहिलं कॅबिनेट गेमपायी उघडलं होतं. एमएस-सीआयटीनं त्यांना प्रमाणपत्र दिलं, हुन्नर दिला तो खेळानं. आजही उन्हाळ्यात असं एखादं दुकान बघावं. ब्लोअरनं कॅबिनेटमधली काळी धूळ उडवतात, हीटसिंक काढून वाळून खडू झालेली जुनी पेस्ट खरवडतात, मोहरीएवढी नवी लावतात, पंखा फिरवून बघतात आणि गरम होऊन बंद पडणारं मशीन दोनशे रुपयांत उभं करतात. हे ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि चित्र पालटलं. त्याआधी जीबीभर डेटाला अडीचशेच्या आसपास मोजणाऱ्या घरांत रोजचा जीबी हाती आला. गेम संगणकावरून निघून मोबाईलवर गेला. कोणतं पोरगं कोणता खेळ खेळणार, हे फोनच्या रॅमनं ठरवलं. पबजीला बऱ्यापैकी फोन लागायचा, म्हणून तो शहरात जास्त. फ्री फायर दोन जीबी रॅमच्या फोनवरही पळायचा, म्हणून तो वाडी-तांड्यांपर्यंत पोचला. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं पबजीसह ११८ अॅप बंद केली, २ जुलै २०२१ला तोच खेळ बीजीएमआय नावानं परतला, १४ फेब्रुवारी २०२२ला फ्री फायर बंद झाला आणि पोरं त्याच खेळाच्या मॅक्स आवृत्तीवर गेली. बंदीनं खेळ थांबला नाही, फक्त नाव बदललं. मला जास्त खुपतं ते वेगळंच. मोबाईलवर खेळणाऱ्या पोराला उघडायला कॅबिनेट नाही, बदलायला रॅम नाही. खेळ अडखळला तर एकच उपाय, नवा फोन, तोही हप्त्यावर. खेळातून कारागीर घडायची वाट तिथे बंद झाली.

लातूरला या सगळ्याची धार जास्त लागते. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडलेला परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न इथलाच. पुढे हेच वाघमारे १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे दोन्ही शहरांच्या शिक्षणाचा धागा एकच. आज लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगरात हजारो मुलं नीट-जेईईसाठी राहतात. अनेक वसतिगृहांत स्मार्टफोनला मज्जाव असतो, बटणांचा साधा फोन चालतो. रविवारी आईशी बोलायला तेवढा पुरतो. दोन वर्षांसाठी हा नियम मला पटतो. सोळा वर्षांच्या पोराच्या खिशात जगातल्या हुशार कंपन्यांनी लक्ष ओढायला बनवलेलं यंत्र ठेवायचं आणि त्यानं स्वतःला आवरावं अशी अपेक्षा करायची, हे अन्यायाचं आहे. पण फोन काढून घेतल्यावर त्याच्या जागी काहीच दिलं जात नाही, हे मात्र पटत नाही. मैदान नाही, वाचनालय नाही, संगणकाची खोली नाही. मग शनिवारी संध्याकाळी गेम झोनमध्ये तासावर प्लेस्टेशन खेळणाऱ्या पोरांकडे आपण गुन्हेगारासारखं बघतो.

पैशांचा खेळ ही मात्र सर्वस्वी निराळी गोष्ट, आणि तिला गेम म्हणणंच चूक. रमी आणि फँटसी लीगच्या अॅपांनी मराठवाड्यातल्या किती घरांत कर्ज नेऊन ठेवलं हे गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. जुलै २०२५मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. पण लातूरला त्यांच्याच पक्षाचे सुनील तटकरे यांच्या पत्रकार परिषदेत छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी निषेध म्हणून पत्ते टाकले आणि त्यानंतर त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. सोयाबीनच्या पट्ट्यात हा विषय किती जिव्हारी लागलेला होता हे त्या दिवशी राज्यानं पाहिलं. महिनाभरानंतर, २२ ऑगस्ट २०२५ला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. हा कायदा मला योग्य वाटतो. त्याचा दुसरा फायदा असा की आता तरी व्हाइस सिटी खेळणारं पोर आणि रमीत शेत घालवणारा बाप यांना एकाच तराजूत तोलणं थांबावं.

मोबाईलनं संगणकाची गरज संपवली, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानापुढची रांग बघितली की हे किती फोल आहे ते कळतं. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २०२५पासून सगळ्या राज्याला लागू झाले. महाडीबीटीची शिष्यवृत्ती, पीकविमा, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सगळंच ऑनलाइन. घरात तीन स्मार्टफोन असतात, तरी फॉर्म भरायला पन्नास-शंभर रुपये देऊन दुसऱ्याच्या कीबोर्डसमोर उभं राहावं लागतं. फोटो ५० केबीच्या आत कसा बसवायचा, पीडीएफ कशी जोडायची, हे मोबाईलवर धड जमत नाही आणि घरात कुणी शिकलेलं नसतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के आणि शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. आपल्या तालुक्यांचं चित्र त्याहून उजळ असेल असं मानायला मला जागा दिसत नाही.

याची किंमत परीक्षेच्या खोलीत मोजावी लागते. जेईई मेन २०१९पासून पूर्णपणे संगणकावर, एमएचटी-सीईटीही त्याच सालापासून. २०२३ची तलाठी भरती संगणकावर झाली. नीट २०२५पर्यंत कागदावर राहिली म्हणून मेडिकलवाल्यांना याची झळ कमी. बाकीच्यांत असे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात ज्यांनी वर्षभर गाईड घोटलं आणि माउस परीक्षेच्या दिवशी हातात धरला. प्रश्न येत असतो, पण लांबलचक उतारा वर-खाली सरकवताना, उत्तर नोंदवून पुढे जाताना हात अडखळतो. सरकारी नोकरीला लागणारी मराठी टायपिंगची परीक्षाही आता संगणकावर, मिनिटाला ३० नाहीतर ४० शब्द. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून झपाझप मराठी लिहिणाऱ्या पोरांची बोटं तिथे पहिल्या ओळीपासून नव्यानं शिकतात.

मग घ्यायचा कोणता? आधी पैशांचं बोलू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप म्हणजे हमीभावानं साडेसात क्विंटल, आणि बाजारात तो भावही सहसा मिळत नाही. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनं ज्यांचं उभं पीक गेलं त्यांच्यासाठी तर हा हिशेबही नाही. म्हणून नवाच पाहिजे हा हट्ट आधी सोडावा असं मी सांगतो. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले डेल लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक पंधरा-वीस हजारांत मिळतात. त्यांची बांधणी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट असते, कीबोर्ड बदलता येतो, मागचं झाकण उघडून एसएसडी आणि बहुतेकांत रॅमही वाढवता येते. उघडता येणारं मशीन, हीच आपल्या भागासाठी पहिली कसोटी.

पण इथे एक खोच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासूनच पुढे चालतं. बाजारात मात्र सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं "आय-फाइव्ह आहे, पळतंय नुसतं" म्हणून खपवली जातात. मागच्या बाजूचा नाहीतर सिस्टमच्या पानावरचा आकडा वाचा: आय५-६३००यू म्हणजे सहावी पिढी, आय५-८३५०यू म्हणजे आठवी. एवढा एक अंक ओळखता आला तर तीन-चार हजारांनी फसणं टळतं. सहाव्या पिढीचंच मशीन घरात असेल तर ते भंगारात टाकायची गरज नाही. त्यावर लिनक्स मिंट उत्तम चालतं, युनिकोड मराठी टाइप होतं, ब्राउझर चालतो, कोडिंग शिकता येतं. अंगठ्याची मशीनं आणि डिजिटल सही लागणाऱ्या सेवा केंद्रांना मात्र विंडोजला चिकटून राहावं लागेल. आणि दोनशे-तीनशे रुपयांत "विंडोज टाकून" घेण्याची जी रीत पडली आहे ती आता खरोखर धोक्याची झाली, कारण त्याच मशीनवर आपण बँकेचा ओटीपी टाकतो.

आणखी एक घाई सध्या करू नये, रॅमची. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५च्या उत्तरार्धात, भाव असे चढले की दुकानदार सकाळचं कोटेशन संध्याकाळी पाळेना. मायक्रॉन कंपनीनं डिसेंबरात घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. तायवान-कोरियातल्या कारखान्यांची दिशा बदलली की नांदेडच्या काउंटरवर आठ जीबीची काडी महाग होते. अशा वेळी जुन्या मशीनमधली चालू रॅम जपून ठेवावी आणि जो पैसा आहे तो एसएसडीत घालावा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की दहा वर्षांचं मशीनही पंधरा-वीस सेकंदांत उभं राहतं. मॉनिटरचा खर्च वाचवायचा तर घरातला टीव्ही वापरता येतो, एचडीएमआयची वायर दोनशे रुपयांची. गेमसाठी ग्राफिक्स कार्ड हवंच असेल तर सेकंडहँड घेताना जपावं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं तेव्हा वर्ष-दोन वर्षं रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात उतरली, आणि त्यांतली काही अजून फिरतात.

इन्व्हर्टर घेणार असाल तर साइनवेव्हचा घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअरवेव्हवर पंखा चालतो, घरघर करत का होईना. चांगल्या प्रतीचा पॉवर सप्लाय मात्र त्यावर कुरकुरतो, कधी लाईट जाताच मशीन बंद करून टाकतो. आणि आईच्या त्या प्रश्नाला दुकानदारानं आणि वडिलांनी सरळ उत्तर द्यावं: हो, गेम चालतात, चालले पाहिजेत. ज्या मशीनवर एकही गेम चालत नाही त्या मशीनवर चार वर्षांनी कोडिंगची साधनंही चालणार नाहीत. खेळायची वेळ ठरवा, मशीन बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा, आणि ते बिघडलं तर पोरालाच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दुरुस्तीवाल्याशेजारी उभं करा.

घरात घेणं ज्यांना शक्यच नाही त्यांच्यासाठी अभ्यासिका आहेत. नांदेड-लातूरला गल्लोगल्ली त्या निघाल्या, एसी आहे, वायफाय आहे, चोवीस तास उघड्या आहेत, पण संगणक एकाही टेबलावर दिसत नाही. कार्यालयांतून निघालेले चार जुने डेस्कटॉप मॉनिटरसकट प्रत्येकी बारा हजारांत, बावीस-तेवीस हजारांचा इन्व्हर्टर बॅटरीसह, अडीच-तीन हजारांचं अर्थिंग, सगळं मिळून पाऊण लाखाच्या आत बसतं. ग्रामपंचायतीला, नगरपालिकेच्या वाचनालयाला, जिल्हा नियोजनाच्या निधीला ही रक्कम जड नाही. दिवसा तिथे सीईटीचे सराव पेपर आणि मराठी टायपिंग होईल, संध्याकाळी कुणाचा तरी फॉर्म फुकट भरला जाईल. रात्री नऊनंतर तासभर त्याच चार मशीनवर पोरांना लॅन लावून काउंटर स्ट्राइक खेळू द्यावं. ती लॅन जोडायची कशी, आयपी द्यायचा कसा, हे त्यांचं त्यांनाच शोधायला लावावं.